आयपॅड, अँड्रॉइड, विंडोज: टॅबवरच्या फाइल कुठे शोधायच्या, कशा लावायच्या

मेलमधली पीडीएफ उघडली, वाचली, बंद केली आणि दुसऱ्या दिवशी शोधली तर टॅबवर कुठेच नाही. ती उतरवलेलीच नसते. मेलला जोडलेली फाइल नुसती उघडली की ॲप तात्पुरती प्रत दाखवतं, आणि तिच्यात केलेले बदलही बरेचदा तिच्याबरोबर जातात. म्हणून शोधाशोधीआधी दोन गोष्टी आठवा: फाइल कोणत्या ॲपमधून आली, आणि ‘सेव्ह’ किंवा ‘डाउनलोड’ दाबलं होतं का.

आयपॅडवर ‘फाइल्स’ ॲप २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आलं. त्याच्या डाव्या पट्टीत ‘आयक्लाउड ड्राइव्ह’ (ॲपलची क्लाउड, म्हणजे ऑनलाइन साठवण) आणि ‘ऑन माय आयपॅड’ (आयपॅडवरचीच जागा) या दोन मुख्य जागा. आयक्लाउड चालू असेल तर सफारीतून उतरवलेलं सहसा आयक्लाउड ड्राइव्हच्या ‘डाउनलोड्स’मध्ये जातं, सफारीच्या सेटिंगमधल्या ‘डाउनलोड्स’मध्ये ही जागा बदलता येते. मेलमधली पीडीएफ ठेवायची तर शेअरचं बटण दाबून ‘सेव्ह टू फाइल्स’ निवडा आणि फोल्डर स्वतः दाखवा, नाहीतर मागच्या वेळचं फोल्डर समोर येतं आणि फाइल तिथेच जाऊन बसते. फोटो मात्र ‘फोटोज’मध्येच राहतात. तिथून फाइल्समध्ये पाठवला की दुसरी प्रत तयार होते, म्हणजे एक पुसली तरी दुसरी जागा खातच राहते.

एकदम बऱ्याच फाइल हलवायची एक युक्ती फारशी कुणी वापरत नाही. एक फाइल दाबून धरा, किंचित ओढा, बोट तसंच ठेवा. दुसऱ्या हाताने बाकीच्या फाइलना एकेकदा स्पर्श करा. त्या पहिलीखाली गोळा होतात. मग दुसऱ्या हातानेच हवं ते फोल्डर उघडून गठ्ठा सोडा. ‘ऑन माय आयपॅड’मध्ये ॲपच्या नावाचं जे फोल्डर असतं, ते ॲप काढलं की आतल्या फाइलसकट जातं. आधी त्या दुसरीकडे हलवा.

अँड्रॉइडवर ॲपचं नाव टॅबच्या कंपनीप्रमाणे बदलतं: सॅमसंगवर ‘माय फाइल्स’, अनेक टॅबवर गुगलचं ‘फाइल्स’. इमेजेस, व्हिडिओ, डॉक्युमेंट्स हे विभाग फोल्डर नव्हेत, सगळीकडच्या फाइलची ती यादी असते. तिथून पुसलं की मूळ फाइलच पुसली जाते. खरी मांडणी ‘इंटर्नल स्टोरेज’मध्ये: उतरवलेलं ‘डाउनलोड’मध्ये, कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’च्या ‘कॅमेरा’मध्ये, स्क्रीनशॉट ‘पिक्चर्स’ किंवा ‘डीसीआयएम’मध्ये. व्हॉट्सॲपचे फोटो शोधताना लोक अडतात, कारण ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या ‘मीडिया’मध्ये खोल दडलेले असतात. नाव आठवत नसेल तर ‘डाउनलोड’ उघडून तारखेप्रमाणे क्रम लावा, नवी फाइल वर येते. शोधापेक्षा हे लवकर होतं.

विंडोजच्या टॅबवर ‘फाइल एक्सप्लोरर’ संगणकासारखाच. शोधताना *.पीडीएफ असा तारांकित शोध चालतो (शेपूट इंग्रजी अक्षरांत लिहायचं). घोळ होतो तो वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा. बॅकअप चालू असेल तर ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ वनड्राइव्हच्या आत सरकतात, मग जुन्या ठिकाणी रिकामं फोल्डर पाहून घाबरायला होतं. निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल फक्त ऑनलाइन असते, नेटशिवाय उघडत नाही. प्रवासाला लागणाऱ्या फाइलवर दाबून धरून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा.

टॅबवर जागा करायची म्हणून क्लाउडमधली फाइल पुसू नका. ती सगळ्या उपकरणांवरून जाते. वनड्राइव्हमध्ये ‘फ्री अप स्पेस’, आयपॅडवर ‘रिमूव्ह डाउनलोड’ वापरा: टॅबवरची प्रत जाते, मूळ राहते. चुकून पुसलीच तर आयपॅडच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये आणि सॅमसंग किंवा गुगलच्या ॲपच्या ‘ट्रॅश’मध्ये ती साधारण ३० दिवस असते.

फोल्डर चार-पाचच ठेवा. त्याहून जास्त केले की फाइल कुठे टाकायची हे ठरवण्यातच वेळ जातो आणि शेवटी सगळं ‘डाउनलोड’मध्येच साचतं. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-०३-०७ वीजबिल’. दिवस पुढे लिहिला तर नावाच्या क्रमात मार्च आणि नोव्हेंबरची सरमिसळ होते. नावात : ? * " यांसारखी चिन्हं नकोत, विंडोज ती घेत नाही. आणि पेनड्राइव्ह ‘फॅट३२’चा (फाइल साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल, भरपूर जागा असली तरी, त्यात जात नाही. त्यावरचं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा आणि तो ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करा.