मोर्चाचे फोटो टाकण्याआधी चेहरे आणि लोकेशन तपासा

अलका चौकातून निघालेला मोर्चा असो की जिल्हाधिकारी कार्यालयासमोरचं धरणं, फोटो ग्रुपवर टाकण्याची घाई करू नका. घरकामगार किंवा कंत्राटी सफाई कामगार बाईचा चेहरा ओळखू आला, तर दुसऱ्या दिवशी तिचं काम जाऊ शकतं. म्हणून आधी विचारा, आणि तेही नुसतं ‘फोटो काढू का?’ एवढंच नको. ‘फेसबुकवर टाकला तर चालेल का?’ असं स्पष्ट विचारा.

नकार असेल तर चेहऱ्यावर भरीव रंगाचा चौकोन टाका. हलका ब्लर पुरेसा नसतो. फोनमधला हायलायटर तर मुळीच वापरू नका: तो अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचा चेहरा दिसतो. गाडीची नंबरप्लेट, गळ्यातलं ओळखपत्र आणि मागच्या काचेतलं प्रतिबिंबही झाका. हेच हमखास राहून जातं.

फोटोच्या फाइलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल आणि जीपीएस चालू असेल तर ठिकाणही नोंदलेलं असतं. वस्तीतल्या बैठकीचा फोटो असेल तर त्यावरून थेट घर सापडतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते. चेहरे झाकल्यावर स्क्रीनशॉट घेऊन तोच टाकणं सगळ्यात सोपं.

चेहरे नकोत तिथे मागून फोटो घ्या: फलक, उंचावलेल्या मुठी, हातातली पत्रकं. फलकावरचा मजकूर मात्र पूर्ण वाचता आला पाहिजे.