टर्मिनल: आधी बघायच्या कमांड शिका, उडवायच्या नंतर

टीममध्ये नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात एकजण तरी विचारतोच, दादा टर्मिनलच्या, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या काळ्या विंडोच्या, कमांड किती पाठ करायच्या. मीपण विचारलेलं. माझ्याकडे तर दोनशे पानी वही होती, कमांड निळ्या पेनाने आणि ऑप्शन लाल पेनाने, इंटरव्ह्यूला जाताना बसमध्ये उघडून बसायचो. आता आठ वर्षं लिनक्स सर्व्हरवर काम करतोय आणि रोज हाताखालून जातात त्या फार तर वीस, त्यातल्या निम्म्या तर नुसत्या बघायच्या, त्यांनी सिस्टममध्ये काहीच बदलत नाही. बघायच्या कुठल्या आणि बदलायच्या कुठल्या हा फरक त्या वहीत कुठेच नव्हता आणि तो मला एका नाइट शिफ्टला कळला. हां, इथे मी कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरंच, मी कॅपिटल म्हणेन तेवढं सोडून, कारण लिनक्सला स्मॉल आणि कॅपिटल एक वाटत नाही.

नोकरीला तीनच महिने झालेले. रात्री दोनच्या सुमारास अलर्ट आला, डिस्क ९६ टक्के भरली. मी एकटाच जागेवर, सिनियर घरी झोपलेला. डीएफ -एच मारलं, हे बरोबर केलं, कुठलं पार्टिशन किती भरलंय ते एका नजरेत दिसतं, आणि -एच लावलं की आकडे जीबी-एमबीत येतात, नाहीतर लांबच्या लांब आकडे मोजत बसा. /व्हार, म्हणजे लॉग वगैरे जिथे साठतात ते, भरलेलं होतं. मग आत जाऊन डीयू -एसएच * आणि पुढे पाइप (|, एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणारी उभी रेघ) देऊन सॉर्ट -एच, म्हणजे सगळ्यात जड फोल्डर खाली येतं. एका अ‍ॅप्लिकेशनची लॉग फाइल, म्हणजे अ‍ॅप काय करतंय त्याची नोंदवही, ३१ जीबीची. सापडला चोर म्हणून मी आरएम केलं, म्हणजे फाइल उडवायची कमांड दिली, एंटर मारलं, आणि परत डीएफ बघितलं तर ९६ च.

फाइल एलएसमध्ये, म्हणजे फोल्डरच्या यादीत, दिसत नाही आणि जागा काही सुटलेली नाही. पाच-सहा वेळा डीएफ मारलं, जणू काही मारत राहिलं की त्याला दया येईल. शेवटी सिनियरला उठवलं. त्याने अर्ध्या झोपेत एकच विचारलं, "अ‍ॅप चालूच आहे ना अजून?"

तर भानगड अशी की लिनक्समध्ये आरएम केलं की फोल्डरच्या यादीतलं फाइलचं नाव जातं. पण एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती फाइल उघडून ठेवली असेल तर तिची डिस्कवरची जागा ती प्रोसेस सोडेपर्यंत सुटत नाही. हॉस्टेलच्या रजिस्टरमधून नाव खोडलं पण पोरगा खोलीत झोपलेलाच, तर खोली रिकामी कशी होणार. एलएसओएफ +एल१ (+ नंतरचा एल कॅपिटल) मारलं की असे नाव खोडलेले पण आत बसलेले सगळे दिसतात. आम्ही सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि ३१ जीबी एका क्षणात मोकळे. चालू लॉग रिकामा करायचाच असेल तर आरएम नको, ट्रंकेट -एस ० आणि पुढे फाइलचं नाव, म्हणजे फाइल जागेवर राहते, आतलं जातं.

पण खरी बोंब सकाळी झाली. मॅनेजरने विचारलं, लॉग एवढा फुगला कशाने? आणि ते ज्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं तीच मी उडवलेली. डिलीट करायच्या आधी टेल -एन ५० मारून शेवटच्या पन्नास ओळी बघितल्या असत्या तर दहा सेकंदांत कळलं असतं. दुसऱ्या रात्री तोच प्रकार परत झाला तेव्हा बघितलं, डेटाबेसला कनेक्ट होत नाही ही एकच एरर पुन्हा पुन्हा.

म्हणून आता नवीन पोरांना पहिले दोन आठवडे मी फक्त बघायच्या कमांड वापरायला देतो. सर्व्हरवर शिरल्या शिरल्या होस्टनेम, हूअ‍ॅमआय आणि पीडब्ल्यूडी, म्हणजे कुठल्या मशीनवर, कोण म्हणून आणि कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते कळतं. हसू येतं पोरांना, पण टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या (खऱ्या वापरातल्या मशीनच्या) दोन काळ्या विंडो शेजारी उघड्या असल्या की भल्याभल्यांचा घोळ होतो. मग एलएस -एलटीआर, माझी सगळ्यात लाडकी, नुकतीच बदललेली फाइल सगळ्यात खाली येते, स्क्रोल करायची गरजच नाही.

मोठी फाइल कॅटने उघडू नका, स्क्रीनवरून अक्षरांचा पूर वाहत राहतो. लेस वापरा, त्यात स्लॅश देऊन शब्द शोधता येतो, कॅपिटल जी दाबलं की थेट शेवटी आणि क्यू दाबलं की बाहेर. चालू लॉग बघायला टेल -एफ, नवीन ओळ आली की दिसत राहते.

आणि ग्रेप. ढिगातून हवी ती ओळ काढायला याला तोड नाही. केन थॉम्प्सनने १९७० च्या दशकात युनिक्ससाठी लिहिलेलं, ईडी नावाच्या जुन्या एडिटरमध्ये जी, आरई, पी अशी एक कमांड होती, पूर्ण फाइलमध्ये पॅटर्न शोध आणि छाप, त्यावरून हे नाव. -आय लावा म्हणजे स्मॉल-कॅपिटलचं झेंगट नाही, -सी ३ लावा (हा सी कॅपिटल) म्हणजे आजूबाजूच्या तीन-तीन ओळी येतात, कारण नुसती एररची ओळ बघून बऱ्याचदा काही कळत नाही, त्याच्या आधी काय झालं ते पाहिजे. एक गंमत, पीएस एयूएक्स (चालू प्रोसेसची यादी) पाइप ग्रेप जावा केलं की जावा बंद असलं तरी एक ओळ येते आणि नवीन माणूस म्हणतो चालू आहे की. ती ओळ ग्रेपची स्वतःचीच असते, तिच्यात जावा शब्द असतो ना. मी यावर अर्धा तास घालवलाय, लाज वाटते पण खरंय.

मेमरी बघताना फ्री -एच मध्ये फ्री हा कॉलम बघून घाबरू नका, अव्हेलेबल बघा. लिनक्स रिकामी रॅम फुकट ठेवत नाही, डिस्कच्या कॅशला वापरतं आणि कुणाला लागली की सोडतं.

आता हात लावायच्या कमांड. आरएमला रिसायकल बिन नाही, गेलं ते गेलं. माझी सवय अशी, आधी तोच पॅटर्न एलएसला द्यायचा, कुठल्या फाइली येतात ते डोळ्यांनी बघायचं, मग वरचा बाण दाबून एलएसच्या जागी आरएम करायचं. विशेष करून * असेल तेव्हा, कारण नावाच्या आणि * च्या मध्ये चुकून एक स्पेस पडली की तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथल्या सगळ्याच फाइली जातात.

प्रोसेस बंद करायला किल -९ हा पोरांचा आवडता हातोडा. नुसतं किल आधी द्या, त्याने १५ नंबरचा सिग्नल जातो, प्रोसेसला आवरायला वेळ मिळतो, फाइली नीट बंद करते. ९ तिला अडवताच येत नाही, लिहिता लिहिता मान पकडल्यासारखं, अर्धवट फाइल राहिली तर निस्तरा.

परवानगीची एरर आली की सीएचमॉड ७७७ करायचा मोह होतो. ४ वाचणं, २ लिहिणं, १ चालवणं, तिन्हीची बेरीज ७, आणि तीनदा ७ म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकी सगळं गाव, घर उघडं. उलट एसएसएचची, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या साधनाची, प्रायव्हेट की अशी उघडी ठेवली तर एसएसएच ती घेतच नाही, ६०० करावं लागतं. आधी एलएस -एल मारून फाइल कुणाच्या नावावर आहे ते बघा, बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

घरून काम करत असाल तर टीमक्स शिकाच. पावसाळ्यात लाइट गेली, वायफाय गेलं, एसएसएच तुटलं की त्यात चालू असलेलं तीन तासांचं काम बहुतेक वेळा मरतं. टीमक्सच्या आत चालू केलं असेल तर परत लॉगिन करून टीमक्स अटॅच, काम तिथेच. पाठांतराचं म्हणाल तर टॅब आणि कंट्रोल आर एवढे दोन सांभाळा, पहिला नाव पूर्ण करतो, दुसरा तुम्हीच मागे मारलेली कमांड शोधून देतो. बाकीचं मॅन, म्हणजे कमांडचं मॅन्युअल, लावून वाचायचं, कंटाळवाणं असतं, पण खरं असतं.

प्रॅक्टिसला सर्व्हर लागत नाही. विंडोज १० किंवा ११ असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून उबंटू नावाचं लिनक्स चालतं. तिथे माझी चूक मुद्दाम करून बघा. तुमच्या होम फोल्डरमध्ये फअ‍ॅलोकेट (fallocate) -एल २जी आणि पुढे कुठलंही नाव, दोन जीबीची रिकामी फाइल तयार. दुसऱ्या विंडोत तिच्यावर टेल -सी ० -एफ लावून ठेवा. आता पहिल्या विंडोत डीएफ -एच, मग फाइल आरएम, मग परत डीएफ -एच, आकडा हलणार नाही. दुसऱ्या विंडोत कंट्रोल सी मारा आणि आता डीएफ बघा.