सेवा, घर आणि वेळ: ख्रिस्ती कुटुंबांनी या चुका टाळा

रविवारची उपासना, प्रार्थना सभा, गाण्यांचा सराव, शब्बाथ शाळेचे (रविवारच्या बायबल शिक्षणाचे) वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी. यातलं एकही काम वाईट नाही. म्हणूनच कुठलं सोडायचं हे ठरत नाही, आणि घरचा वेळ, झोप, स्वतःची प्रार्थना मात्र कुणाला न विचारता सुटत जाते.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे समोर आलेली प्रत्येक गरज ही देवाची हाक समजणं. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूम गावी संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं. येशूने पुष्कळांना बरं केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार असतानाच, तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्यांनी त्याला शोधून काढलं आणि सांगितलं, सगळे तुमचा शोध करताहेत. तो परत गेला नाही. आसपासच्या गावांतही उपदेश करायचा होता, त्याचसाठी तो आला होता. मागे राहिलेल्या लोकांची गरज काही खोटी नव्हती, तरी तो निघाला. आणि त्या निघण्याआधी प्रार्थना होती, हे विसरू नका.

तेव्हा नवी जबाबदारी पुढे आली की जागच्या जागी होकार देऊ नका. ‘प्रार्थना करून कळवतो’ म्हणा आणि खरोखर प्रार्थना करा, कारण हे वाक्य आपल्याकडे टाळण्यासाठीही फार वापरलं जातं. घरच्यांनाही विचारा: मी हे घेतलं तर कोणाच्या वाट्याचा वेळ जाईल?

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. सेवेचं नाव पुढे केलं की घरातलं कोणी तक्रार करू शकत नाही. मार्क 7 मध्ये काही जण आईवडिलांना द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलं’ म्हणून मोकळे होत. येशूने त्यांना सरळ सांगितलं, की तुम्ही देवाचं वचन रद्द करता. म्हाताऱ्या आईशी बोलायला वेळ नसेल आणि सभांना मात्र असेल, तर हा अध्याय आपल्यासाठीच आहे. प्रेषित पौलही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 तीमथ्य 3) विचारतो, ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी, म्हणजे चर्च, कशी सांभाळणार?

सगळा भार एकट्याने ओढणारेही प्रत्येक मंडळीत असतात. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसे. सासरा इथ्रो त्याला म्हणाला, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. लोकांचं थकणं आपल्या लक्षात येत नाही. इथ्रोच्या सल्ल्याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर नायक नेमले गेले, आणि लहान प्रकरणं त्यांनीच मिटवायची असं ठरलं. आपण काम वाटून देतो, पण निर्णय मात्र स्वतःकडे ठेवतो. मग फोन थांबत नाहीत.

‘देव पहिला, कुटुंब दुसरं, नोकरी तिसरी’ ही यादी ऐकायला बरी, पण तिच्यामुळे सकाळच्या अर्ध्या तासात देवाचं झालं आणि बाकीचा दिवस आपला, असं वाटू लागतं. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातल्या 3:23 प्रमाणे दिवसाचं कामही प्रभूसाठीच करायचं आहे. कामाच्या वेळेत मनन करत बसून आपला भार सहकाऱ्यांवर टाकणं ही भक्ती नव्हे.

विश्रांतीचा अपराधीपणा बाळगू नका. खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, दोनदा खाऊ घातलं, मग होरेब डोंगरावर तो त्याच्याशी बोलला.

एवढं सगळं वाचून वेळापत्रक फार घट्ट बांधलंत, तर तीही चूकच. सभास्थानाचा अधिकारी याइर याच्या मरणासन्न मुलीकडे घाईने जाताना येशू बारा वर्षं आजारी असलेल्या एका स्त्रीसाठी वाटेत थांबला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. अशा थांबण्यासाठी रोज थोडा वेळ रिकामा ठेवा, आणि तिथे नवी सभा ठरवू नका.