जगण्याच्या झुंजीच्या मंगावर परीक्षण लिहिताना या चुका टाळा

परिचित जग एकाएकी नाहीसे होते, मागे राहिलेल्या मूठभर माणसांना अन्नपाण्यापासून सारे नव्याने उभे करावे लागते, आणि या उलथापालथीमागे विज्ञानकथेतील एखादी कल्पना असते. या धाटणीची जपानी चित्रकथा, म्हणजेच मंगा, आता आपल्याकडील तरुण वाचकही आवडीने वाचतात आणि तिच्यावर लिहितातही. त्यांनी लिहिलेली परीक्षणे वाचताना मात्र त्याच त्या चुका इतक्या वेळा भेटतात की, त्या एकदा मांडून टाकाव्यात असे वाटले. उदाहरणासाठी मी मुख्यतः काझुओ उमेझु यांची ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’ घेतो, कारण या प्रकारातील बहुतेक वाटा तिच्यातून गेलेल्या आहेत आणि बहुतेक चुकाही तिच्याच बाबतीत होतात. ही मंगा ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात १९७२ ते १९७४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे अकरा खंडांत आली. एक प्राथमिक शाळा ८६२ माणसांसह वैराण भविष्यकाळात फेकली जाते आणि त्या सकाळी आईशी भांडून घराबाहेर पडलेला सहावीतला शो ताकामात्सु तिथे तग धरून राहण्याची धडपड करतो, एवढे कथासूत्र येथे पुरेसे आहे.

सुट्या चौकटीवरून चित्रकलेला गुण देणे

सर्वांत जास्त चीड आणणारी चूक हीच आहे. एका दिवाळी अंकासाठी आलेले लेख तपासण्याचे काम माझ्याकडे असताना एका हुशार तरुणाचा या मंगावरील लेख हाती आला. त्याचा निर्वाळा असा होता की, उमेझु यांना मुलांची शरीरे काढता येत नाहीत, चेहरे लाकडी बाहुल्यांसारखे आहेत आणि अकरा खंडभर सगळे एकाच पद्धतीने तोंड वासून किंचाळतात. पुरावा म्हणून त्याने सहा सुट्या चौकटी जोडल्या होत्या. त्याला बोलावून विचारले तेव्हा कळले की, संपूर्ण मंगा त्याने लोकलच्या प्रवासात मोबाइलवर, एकेक चौकट वर सरकवत वाचली होती आणि तीही कोणीतरी कापून-जोडून टाकलेल्या स्कॅनमधून. प्रयोग न पाहता नाटकाच्या फोटोंवरून नाट्यसमीक्षा लिहावी, तसा हा प्रकार होता.

मी छापील खंड त्याच्यासमोर ठेवला आणि धक्क्यानंतर शाळेच्या फाटकाबाहेरचे दृश्य प्रथम दिसते तो भाग पुन्हा वाचायला सांगितले. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असल्यामुळे वाचकाची नजर डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात येऊन थांबते, आणि पान उलटल्यावर काय दिसणार हे चित्रकाराने त्या थांब्याचा हिशेब करून ठरवलेले असते. उमेझु तोच चेहरा लागोपाठच्या चौकटींत थोडाथोडा मोठा करत नेतात, भोवतीच्या रेघांची जाळी दाट करतात आणि मग मोठ्या चित्रात समोरचे ओसाड जग उघडतात. किंकाळी आधी दिसते, तिचे कारण मागाहून. मोबाइलवर सरकवत वाचताना पान उलटण्याची क्रियाच उरत नाही आणि दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध चिरले जाते. त्यामुळे उरतात ती केवळ वासलेली तोंडे.

त्या तरुणाचे मत पूर्ण बदलले नाही, आणि ते बदलावे असा माझा आग्रहही नव्हता. मुलांची धावतानाची शरीरे ताठर आहेत हे त्याचे म्हणणे खरेच आहे. परंतु दुसऱ्या खर्ड्यात त्याने कोणत्या किंकाळ्यांना पान उलटण्याचे बळ मिळाले आहे आणि कोणत्या निव्वळ सवयीने आल्या आहेत, हे वेगळे करून दाखवले. तो लेख छापण्याजोगा झाला. या पाठाला त्याचे तीन आठवडे गेले, आणि पहिल्याच वाचनात छापील प्रत हाती घेतली असती तर ते वाचले असते.

माझी स्वतःची सवय सांगतो. पहिले वाचन मी पेन दूर ठेवून करतो. दुसऱ्या वाचनात महत्त्वाच्या पानांवरील संवादांचे फुगे पोस्टकार्डाने झाकतो आणि माणसे कुठे उभी आहेत, पाणी कुठे आहे, बाहेर पडण्याची वाट कुठे आहे, हे केवळ चित्रावरून कळते का ते पाहतो. जगण्याच्या झुंजीच्या कथेत चित्राचे पहिले काम जागा समजावून देणे हे असते आणि देखणेपणाचा विचार त्यानंतर येतो. किंबहुना देखणेपणा कधी कधी आड येतो. ‘डॉक्टर स्टोन’ या मंगातील बोइची यांचे रेखाटन तांत्रिकदृष्ट्या उमेझु यांच्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, परंतु त्यातील पीळदार शरीरांकडे पाहून ही माणसे उपाशी आहेत यावर विश्वास बसणे मला जड जाते. याउलट ‘ड्रॅगन हेड’ या मंगात मिनेतारो मोचिझुकी यांनी बोगद्यात अडकलेल्या आगगाडीभोवतीचा अंधार भरगच्च काळ्या शाईने रंगवला आहे, आणि तो काळेपणा हाच कथेचा अर्धा आशय आहे. मोबाइलचा उजेड वाढवून तो वाचणाऱ्याने चित्रांबद्दल मत देऊ नये.

‘हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य नाही’ असे लिहून मोकळे होणे

हे वाक्य लिहायला एक मिनिट लागते, म्हणूनच ते इतके लोकप्रिय असावे. विज्ञानकथेला तपासण्याची पट्टी एकच नसते. ‘डॉक्टर स्टोन’ ही रीइचिरो इनागाकी यांनी लिहिलेली मंगा स्वतःच पायरीपायरीचे रसायनशास्त्र मांडते. न्यूमोनियावर सल्फा औषध बनवण्यासाठी काय काय मिळवावे लागेल, याचा आराखडाच तिथे वाचकासमोर ठेवलेला आहे. त्यामुळे त्या पायऱ्या तपासणे रास्त ठरते. उमेझु मात्र शाळा भविष्यात कशी गेली याचे गणित मांडत बसत नाहीत. तिथे पाहायचे ते हे की, एकदा मान्य केलेला नियम कथा पाळते का आणि त्याची किंमत पात्रांकडून वसूल करते का.

शोची आई त्याला परत आणू शकत नाही. निशी नावाच्या मुलीच्या अतींद्रिय शक्तीमुळे त्याची हाक तिच्यापर्यंत पोहोचते, आणि आई एवढेच करू शकते की, आजच्या जगात एखादी वस्तू अशा ठिकाणी लपवायची की ती भविष्यातील भग्नावशेषांत मुलाच्या हाती लागेल. हॉटेलच्या भिंतीत सुरी लपवण्यासाठी ती जी वेड्यासारखी धडपड करते, ती भोवतालच्या लोकांना खरोखरच वेडेपणाची वाटते. काळ एकाच दिशेने वाहतो आणि त्याच दिशेने वस्तू पाठवता येते, हा नियम कठोर आहे आणि त्या प्रसंगातील सारा ताण त्यातूनच येतो. या नियमापुढे ‘निशीच्या शक्तीचे स्पष्टीकरण नाही’ हा आक्षेप मला फार किरकोळ वाटतो. प्लेगच्या प्रसंगात, किंवा भूल न देता मुलांनीच केलेल्या शोच्या शस्त्रक्रियेत, हाच कठोरपणा टिकतो का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. माझ्या मते शस्त्रक्रियेत तो टिकतो आणि उत्तरार्धातील काही राक्षसी प्राण्यांच्या वेळी ढिला पडतो.

यासाठी एक कागद जवळ ठेवावा आणि त्यावर पाणी, अन्न, माणसे असे तीन रकाने आखावेत. कथाकार स्वतःचे आकडे विसरला तर तो कागद लगेच सांगतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ते टाळायचे असेल त्याने ‘कथानकात त्रुटी आहेत’ असे मोघम वाक्य लिहू नये.

थोडक्यात उरकण्याजोग्या चुका

साप्ताहिकातील मंगा एका बैठकीत संपवून ‘प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तोच धक्का येतो’ अशी तक्रार करू नये. तो धक्का आठवडाभर वाट पाहणाऱ्यासाठी होता, म्हणून रोज दोन-तीन प्रकरणांवर थांबावे.

शिक्षक इतक्या लवकर का कोलमडतात, हा दोष म्हणून नोंदवू नये. मोठ्यांना अशक्य गोष्ट मान्य करता येत नाही आणि मुलांना येते, हेच तर कथा दाखवत आहे.

काळ विसरू नये. १९७० च्या उन्हाळ्यात टोकियोत प्रकाशरासायनिक धुरक्यामुळे शाळेच्या मैदानावरील विद्यार्थिनी आजारी पडल्या होत्या आणि मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेचे खटले गाजत होते. उजाड भविष्यात सापडलेली शाळा दोनच वर्षांनी त्या वाचकांसमोर आली, आणि त्यांना ती आपल्याला वाटते तितकी दूरची वाटली नसणार.

पहिल्या खंडावरून निकाल देऊ नये. युमी तामुरा यांची ‘सेव्हन सीड्स’ पस्तीस खंडांची आहे आणि तिच्यातील गटांची गुंफण उमगायलाच बराच वेळ लागतो. एवढी सवड नसेल तर लहान मंगा निवडावी.

अॅनिमे, म्हणजे जपानी चलचित्रपट किंवा मालिका, पाहून मंगावर लिहू नये, आणि सारांशाचे व्हिडिओ पाहून तर मुळीच नाही.

पान क्रमांक देताना आवृत्ती नोंदवावी. उमेझु यांची ही मंगा इंग्रजीत आधी अकरा खंडांत आणि नंतर मोठ्या आकाराच्या तीन जाड खंडांत आली आहे, त्यामुळे ‘पृष्ठ १४०’ एवढ्यावरून वाचकाला काहीच सापडत नाही. निवड करता येत असेल तर मोठ्या आकाराची प्रत घ्यावी, कारण रेघांची जाळी तिच्यात मोकळी दिसते.