स्वस्तातला हँडीकॅम: घ्यायचा कसा बघून आणि सोलापूरच्या उन्हाधुळीत टिकवायचा कसा

आधी हे ठरवा की मोबाईल खिशात असताना हँडीकॅम कशाला पाहिजे. घरातला वाढदिवस, रात्री हॉटेलातलं जेवण, पोरांचे रील असलंच काही असेल तर पैसे घालवू नका, कमी उजेडात आजकालचा बरा मोबाईल या स्वस्त हँडीकॅमला सहज मागं टाकतो. हँडीकॅम उपयोगी पडतो दोन कामांना, एक म्हणजे लांबनं झूम करायचं असेल तर आणि दुसरं म्हणजे न थांबता लांबलचक शूटिंग करायचं असेल तर. हुतात्मा स्मृती मंदिरात पोरीचं गॅदरिंग आहे आणि तुम्हाला जागा मिळालीय पार मागच्या रांगेत, तिथं मोबाईलनं झूम केलं की आपली पोरगी कुठली आणि शेजाऱ्याची कुठली तेच कळत नाही. फोटोवाले मोठे कॅमेरे म्हणाल तर जुन्यातले बरेच २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप बंद पडतात, युरोपात अर्ध्या तासापेक्षा जास्त रेकॉर्ड करणाऱ्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त ड्युटी लागायची म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा टाकली होती. हँडीकॅमला ती भानगड नाही, कार्ड आणि बॅटरी असेपर्यंत चालतो.

आता घेताना. खोक्यावर एकच शब्द शोधायचा, ऑप्टिकल झूम. ऑनलाईन लै स्वस्तात जे मिळतात, "४के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम", वर माईक, रिमोट, लाईट, पिशवी सगळं फुकट, त्यात बहुतेक वेळा झूम नुसता डिजिटल असतो म्हणजे चित्र ताणून मोठं केलेलं, फोकस एकाच जागी घट्ट बसवलेला आणि ४के पण आतनं फुगवलेलं. ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांचं म्हणणं एकच, पहिल्या दिवशी खूष आणि पहिल्या कार्यक्रमानंतर कपाटात. ओळखायचं सोपंय, हातात घ्या, दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवर पूर्ण झूम करा आणि सगळ्यात बारीक अक्षर वाचा. खरा झूम असेल तर भिंग सरकतंय ते कळतं, फोकस क्षणभर जाऊन परत येतो आणि अक्षर वाचता येतं. खोट्यात नुसते चौकोन मोठे होत जातात. नवी पेठेतला दुकानदार एवढी टेस्ट करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जायचं की, त्यात काय.

बजेटमधले खरे म्हणावेत असे म्हणजे सोनीचा सीएक्स ४०५, त्याला ३० पट ऑप्टिकल झूम आहे, पॅनासॉनिकचा व्ही १८०, त्याला ५० पट, आणि कॅननचा लेग्रिया आर ८०६, त्याला ३२ पट. नवा मिळाला तर उत्तमच, नाहीतर सेकंडहँड बघा, त्याचं पुढं सांगतो. यातला फरक झूमच्या आकड्यात शोधू नका, ३० काय आणि ५० काय, स्टँडशिवाय दोन्ही हलणारच. बघायची गोष्ट माईकची. कॅननला बाहेरचा माईक लावायची पिन आहे, सोनी ४०५ ला नाही. कीर्तन, भाषण, क्लासचं लेक्चर असलं काम असेल तर माझं मत विचाराल तर पिनवालाच घ्या, झूम थोडा कमी असला तरी चालतंय, कारण चित्र जरा डावं असलं तरी माणूस बघतो पण आवाज ऐकूच आला नाही की लगेच बंद करतो.

अमेरिकेतनं भाऊ नाहीतर भाचा येताना घेऊन येतो तो पीस जरा जपून. तिकडचे कॅमेरे सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर चालतात आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाईट आणि एलईडीखाली चित्रावर पट्टे धावतात नाहीतर उजेड धापा टाकल्यासारखा कमीजास्त होतो. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत हे बदलायची सोयच नसते. शटरचा वेग हातानं १/१०० सेकंद करता येत असेल तर पट्टे जातात, नाहीतर तो कॅमेरा दिवसाउजेडीच वापरायचा. कॅननच्या खोक्यावर लेग्रियाच्या जागी व्हिक्सिया लिहिलेलं असेल तर समजायचं की तो अमेरिकेचा माल आहे. इथं घेतलेल्यात सेटिंग ५०पी किंवा २५पी (सेकंदाला ५० किंवा २५ पूर्ण चित्रं) ठेवा, ५०आय (अर्धी अर्धी चित्रं) नको, त्यात लेझीमवाल्यांचे हात हलले की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात.

आता उन्हाचं. हे सोलापूरकरांनी नीट वाचा कारण कंपनीवाले खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. माहितीपुस्तकात शेवटी कुठंतरी बारीक अक्षरात असतं, वापरायचं तापमान ० ते ४० अंश. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये सावलीतच ४० च्या वर जातंय, उन्हात काळ्या प्लास्टिकचा कॅमेरा किती तापत असेल याचा विचार तुम्हीच करा. लोकांचे अनुभव ऐकले तर "अचानक बंद पडला", "मधनंच रेकॉर्डिंग थांबलं", "स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह आलं" यातले निम्मेअधिक उन्हाळ्यातल्या लग्नाचे असतात. आमच्या ओळखीतला एकजण मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताला मांडवाबाहेर स्टँड लावून उभा, अक्षता पडल्या आणि नेमकं तेव्हाच स्क्रीन काळी. कॅमेरा बिघडला नव्हता, गार झाल्यावर परत चालू झाला, पण अक्षता परत कोण टाकणार ओ.

म्हणून उन्हाळ्यात असं करायचं. कॅमेरा गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवायचाच नाही. स्टँडवर लावला की वरनं छत्री धरा नाहीतर एक कोरडा पांढरा टॉवेल टाका, टॉवेलला आपल्या गावात काय तोटा, फक्त भिंग, माईकची भोकं आणि हवा जायची जाळी झाकली जाणार नाही एवढं बघा. ओला करून टाकायची आयडिया लै जणांना सुचते, ती करू नका, पाणी झिरपलं की वॉरंटीसुद्धा गेली. दोन विधींच्या मधे स्टँडबायवर ठेवण्यापेक्षा पूर्ण बंद करा. चार्जिंग करत करत शूटिंग केलं की बॅटरी आणखी तापते, उन्हात तरी ते टाळा. आणि गरम झालेला कॅमेरा फ्रीजमध्ये ठेवणारे महाभाग आहेत, आतनं घाम धरतो आणि मग खरंच बिघडतो.

विकत घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच एक टेस्ट करून टाका. दुपारी गच्चीवर सावलीत स्टँडवर लावा, सगळ्यात भारी क्वालिटी ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि बॅटरी संपून स्वतः बंद होईपर्यंत हात लावू नका. मग फाईल कॉम्प्युटरवर पहिल्यापासनं शेवटपर्यंत बघा. कुठं अडकतंय का, आवाज तोंडाच्या पुढंमागं होतोय का, शेवटची फाईल उघडतीय का. काही गडबड निघालीच तर बिल ताजं असतं आणि दुकानदाराकडं बदलून मागता येतं. वॉरंटीचं काम इथंच होणार की पुण्याला पाठवणार हेही पैसे देण्याआधीच विचारून ठेवा, कारण नंतर लग्नसराईत महिनाभर कॅमेरा तिकडं आणि तुम्ही इकडं.

शेवटची फाईल उघडत नाही ही तक्रार सगळ्यांची असते. एमपी४ फाईलमध्ये कुठली फ्रेम कुठं आहे याची यादी बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवताना लिहितात. बॅटरी मधनंच ओढली, सैल बसली म्हणून निसटली किंवा कार्ड आधीच काढलं की ती यादी लिहायची राहते आणि तासाभराचं शूटिंग असून नसल्यासारखं. अशा वेळी त्या कार्डावर दुसरं काहीही रेकॉर्ड करायचं नाही, फॉरमॅट तर अजिबात नाही. त्याच कॅमेऱ्यानं त्याच सेटिंगवर दुसऱ्या कार्डात छोटी चांगली फाईल काढायची, दुरुस्तीची काही सॉफ्टवेअर त्या चांगल्या फाईलवरनं बिघडलेली जुळवून देतात. प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. म्हणून सवयच लावून घ्या की हार घातले, थांबवा, परत सुरू करा. गेलीच तर एक फाईल जाईल, आख्खं लग्न नाही.

कार्डावर पैसे वाचवू नका. कॅमेरा खराब म्हणून शिव्या खातो आणि दोष असतो कार्डाचा. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिणारं, यू३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३०. सोनी ४०५ ची सगळ्यात भारी क्वालिटी ५० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी आणि तासाला साधारण साडेबावीस जीबी. हिशोब करा, ६४ जीबीत अडीच तासांच्या थोडं वर, आपल्याकडचं लग्न हळदीपासनं धरलं तर दोन कार्डं तरी लागणारच. नकली कार्डं भरपूर फिरतात, वर लिहिलेलं १२८ आणि आत निघतात ८, ते भरेपर्यंत कळतसुद्धा नाही. नवीन कार्ड आणलं की एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं, वेळ लागतो, लागू द्या. मग फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, कॉम्प्युटरवर नाही. एव्हीसीएचडी नावाच्या फॉरमॅटमध्ये शूट करत असाल तर एकेक क्लिप उचलून कॉपी करू नका, प्रायव्हेट नावाचं आख्खं फोल्डर घ्या, नाहीतर लांब शूटिंगचे कॅमेऱ्यानं जे तुकडे केलेले असतात त्यांच्या सांध्यावर झटका बसतो.

बॅटरीचं थोडक्यात. खोक्यातली छोटीच असते, ती पूर्ण कार्यक्रमाला पुरणार नाही हे धरूनच चला. डुप्लिकेट घेतलीत तर वरच्या एमएएचच्या आकड्याला भुलू नका, गच्चीवर लावून किती मिनिटं चालतीय ते बघा, आणि फुगलेली बॅटरी एक दिवससुद्धा वापरू नका, खाचेत अडकली की निघत नाही. पॉवर बँक लावून रेकॉर्डिंग होतंय का हेही दुकानातच तपासायचं, काही मॉडेल चालतात, काही वायर लावली की कॉम्प्युटरला जोडल्यासारखी रेकॉर्डिंगच बंद करतात. हातपट्ट्यात यूएसबीची वायर लपवलेली असते त्या मॉडेलात ती ओढाताण करून वापरू नका, मधे एक्स्टेंशन लावा, झिजली तर एक्स्टेंशन झिजू दे.

उजेडाबद्दल अपेक्षा कमीच ठेवा. ४०५ आणि व्ही १८० दोन्हींचा सेन्सर, म्हणजे चित्र पकडणारी चिप, १/५.८ इंचाचा, तांदळाच्या दाण्यापेक्षाही आखूड. वरनं झूम केला की ४०५ चं भिंग एफ १.८ वरनं एफ ४ वर जातं, म्हणजे उजेड जवळजवळ पाचपट कमी. स्टेजवर अंधार असेल आणि मागनं फुल झूम मारला तर दाणे दाणेच दिसणार, त्याला कॅमेरा काय करणार. अंधारात पुढं जाऊन कमी झूमवर घ्या. उलटा त्रास गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदीत आणि वर टळटळीत ऊन, कॅमेरा ऑटोवर सोडला की पांढरं पार जळून जातं, कापडाची घडीसुद्धा दिसत नाही. मेन्यूतनं एक्स्पोजर, म्हणजे चित्रातला उजेड, एकदोन खुणा खाली घ्या. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला ऑटो फोकस काळ्या आकाशात शोधत बसतो, तेव्हा फोकस हातानं लांबवर लावून ठेवा नाहीतर फायरवर्क्स मोड असेल तर तो.

डीजे आणि ढोल. आतल्या माईकचा आवाज फाटतो, सगळ्यांचाच. सोनीत माईकची रेफरन्स लेव्हल लो करायचा पर्याय असतो, तो मिरवणुकीला लो ठेवा आणि घरी आल्यावर परत नॉर्मल, नाहीतर दुसऱ्या दिवशी आजीचं बोलणं कुजबुज वाटेल. पिन नसलेल्या कॅमेऱ्याला उपाय म्हणजे वक्त्याच्या जवळ एक मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवायचा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची आणि एडिटिंगला दोन्हींतली ती टाळी जुळवायची.

भंडारा आणि गुलाल हे हँडीकॅमचे खरे वैरी. बाळ्याच्या खंडोबाला जाऊन आलेल्या कॅमेऱ्याचं झूमचं बटण करकरायला लागतं आणि भिंगावरची पापणी अर्धीच उघडते, चित्राच्या कोपऱ्यात काळी सावली दिसली की समजायचं. शर्टाच्या टोकानं पुसलं की झालंच, बारीक कण भिंगावर घासले जातात. आधी हवेच्या फुग्यानं उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर, तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते. मिरवणुकीला जातानाच पारदर्शक पिशवीत घालून भिंगापुरतं भोक पाडा आणि कडेनं रबर लावा, दिसायला कसं का दिसेना.

सेकंडहँड घेताना स्क्रीनच्या बिजागरीकडं पहिलं बघा. स्क्रीन उघडून हळूहळू पूर्ण फिरवा, एका कोनात पांढरी पडली, लुकलुकली किंवा चित्र उगाच उलटं झालं तर आतली पट्टी तुटायला आलीय, ते काम खर्चिक असतं आणि पार्ट मिळेपर्यंत तुम्ही फिरत बसणार. मग झूम पूर्ण पुढंमागं, कार्ड आत घालून बाहेर, चार्जिंगची पिन हलवून, आणि पांढऱ्या भिंतीवर फुल झूम मारून काळे ठिपके. विकणारा "कमी वापरलाय, घरातच होता" म्हणेल, हातपट्टा बघा, घामानं कडक झालेला पट्टा खोटं बोलत नाही. आणि तुम्ही विकणार असाल तर कार्ड काढलं तरी काही मॉडेलांत आतली मेमरी वेगळी असते, ती पण रिकामी करा, नाहीतर तुमच्या घरचं डोहाळजेवण दुसऱ्याच्या टीव्हीवर.