'अनिशिनाबे' हे नाव मराठीत कसं लिहावं

पुण्यात दिवाळी अंकासाठी किंवा विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर लिहिताना 'ओजिब्वे' आणि 'अनिशिनाबे' सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. हे टाळायलाच हवं. अनिशिनाबे हे पंचमहासरोवरांभोवतीच्या लोकांनी स्वतःला दिलेलं मोठं नाव. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी, अल्गाँक्विन हे सगळे त्यात येतात. सदाशिव पेठेतला माणूस पुणेकर असतोच, पण प्रत्येक पुणेकर सदाशिव पेठेतला नसतो, तसंच हे. म्हणून स्रोतात नेमका समूह दिला असेल तर तोच लिहा: 'ओडावा कारागीर'. अनेक समूहांबद्दल एकत्र बोलायचं असेल तेव्हा अनिशिनाबे.

उच्चार देवनागरीत छान बसतो. रोमन लिपीत (Anishinaabe) दोनदा लिहिलेला 'a' म्हणजे आपला दीर्घ 'आ', एकदाच लिहिलेला म्हणजे 'अ', आणि शेवटचं 'e' हे अक्षर म्हणजे 'ए'. म्हणून अ-नि-शि-ना-बे. इंग्रजी वळणाने वाचलं की 'अनिशिनाबी' होतं, ते चूक. पूर्वेकडच्या बोलींत ऱ्हस्व स्वर गळतात, त्यामुळे 'निश्नाबे' दिसलं तर दुरुस्त करू नका.

सगळ्यात जास्त घोळ अनेकवचनात होतो. 'अनिशिनाबेग' हे मुळातच अनेकवचन आहे. काही बोलींत 'अनिशिनाबेक'. त्याला पुन्हा इंग्रजी अनेकवचनाचा 's' (उच्चार 'ज') जोडू नये. शिवाय 'अनिशिनाबेगांनी' वाचताना आपल्याला बेग आडनाव आठवतं. सरळ 'अनिशिनाबे लोक' लिहा, आणि प्रत्यय लावताना 'अनिशिनाबेंनी', 'अनिशिनाबेंचा'. स्त्रीसाठी त्यांचा शब्द 'अनिशिनाबेक्वे', पण मराठीत 'ती अनिशिनाबे आहे' एवढं पुरतं. भाषा मात्र 'अनिशिनाबेमोविन'.

अर्थ देताना 'माणूस' किंवा 'मूळचा माणूस' म्हणा. 'वरून खाली उतरवलेला माणूस' ही फोड वडीलधाऱ्यांच्या शिकवणुकीतली आहे. ती मोलाची आहे, पण 'परंपरेनुसार' असं म्हणूनच द्या, शब्दकोशातला अर्थ म्हणून नको.

'रेड इंडियन' कुठेच नको. 'चिप्पेवा' मात्र सरसकट खोडू नका: ते ओजिब्वेंचंच दुसरं नाव, आणि ओजिब्वेंनी अमेरिकी सरकारशी केलेल्या 1854 च्या ला पॉइंट करारात किंवा 'मिनेसोटा चिप्पेवा ट्राइब' या अधिकृत नावात ते तसंच ठेवावं लागतं. पहिल्या उल्लेखाला कंसात 'ओजिब्वे' घातलं की वाचक अडत नाही.