असिस्टंटशिप घेऊन निघालेल्या कोकणातल्या मुलामुलींसाठी

सावंतवाडी असो, मालवण असो, रत्नागिरी किंवा अलिबाग, भाषाविज्ञान किंवा कम्युनिकेशनच्या पीएचडीला अमेरिकेत निघालेल्या मुलाच्या घरी गेलं की आईवडील आधी हेच म्हणतात, "फी माफ, वर महिन्याला पगार. ह्यात काय तरी गोम असतली." शंका रास्त आहे. नोकरीसाठी मुंबईला गेलेली माणसं त्यांनी घरोघरी पाहिली आहेत, शिकायला जाऊन पगार घेणारी नाहीत. पण गोम काही नाही. विद्यापीठाला पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे वर्ग चालवायला माणसं लागतात. ते काम तुम्ही करता, त्याबदल्यात ट्यूशन माफ होते आणि स्टायपेंड, म्हणजे दरमहा पगार, मिळतो. यालाच असिस्टंटशिप म्हणतात. ही नोकरी आहे, कुणी केलेला उपकार नाही. आपल्याकडची मुलं अडखळतात ती इथेच. शिकायला मिळतंय हेच पुष्कळ, असं मानून जास्तीचं काम निमूट करतात आणि पत्रात लिहून दिलेलं मागायलाही लाजतात.

म्हणून नेमणुकीचं पत्र घरात सातबारा वाचतात तसं वाचा, ओळ न् ओळ. नेमणूक नऊ महिन्यांची की बारा? बहुतेक ठिकाणी नऊच, ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. 'पन्नास टक्के' लिहिलं असेल तर आठवड्याला २० तास काम. ट्यूशन माफ म्हणजे सगळं माफ नव्हे. 'फीज' नावाची वेगळी रक्कम दर सत्राला भरावी लागते का ते बघा. आरोग्य विमा स्टायपेंडखेरीज मिळतो की त्यातूनच कापतात? दातांचा विमा बहुधा वेगळा असतो, तेव्हा दातांची कामं इथेच उरकून जा. किती वर्षांची हमी आहे आणि ती कोणत्या अटींवर? जे पत्रात नाही ते विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेलनेच विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील.

ज्यांना प्रवेश मिळाला पण असिस्टंटशिप नाही, त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: कलमांची बाग गहाण टाकून आपल्या विषयांत पीएचडीला जाऊ नका. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. आपल्या क्षेत्रातले पगार तेवढं कर्ज फेडायला पुरे पडत नाहीत.

पहिले दोन महिने पैशाला जड जातात, हे घरी आधीच सांगून ठेवा. ऑगस्टच्या मध्याला पोचाल, पण पहिला पगार सप्टेंबरातच हातात पडेल, कधी महिन्याच्या शेवटी. तोवर घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, फीज आणि किराणा सगळं खिशातून. पोचल्यावर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी लावा, मग त्यांचं आणि विभागाचं अशी दोन पत्रं, पासपोर्ट, व्हिसा, आय-ट्वेंटी (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि आय-नाइंटीफोर (अमेरिकेत शिरल्याची नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकाचा, अर्ज करा. नंबर हातात येण्याआधी काम सुरू करता येतं, त्यामुळे कुणी अडवलं तर कार्यालयाला विचारा. बॅगेत आमसुलं, मसाला नेलात तर विमानतळावर जाहीर करा. ताजा आंबा नेऊ नका, काढून घेतात. थंडीचा कोट तिथेच घ्या. मुंबईत मिळणारा मिशिगन-मिनेसोटाच्या थंडीला पुरत नाही.

आता वर्गाबद्दल. कम्युनिकेशन विभागात तुम्हाला बहुधा सार्वजनिक भाषणाचा पायाभूत कोर्स मिळेल: वीस-पंचवीस मुलं, अठरा-एकोणीस वर्षांची, आणि प्रत्येकाची तीन-चार भाषणं ऐकून गुण द्यायचे. भाषाविज्ञानात मोठ्या व्याख्यानाला जोडलेले चर्चावर्ग घ्यावे लागतात. त्याआधी बऱ्याच विद्यापीठांत परदेशी शिक्षकांची बोलण्याची परीक्षा होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना तिची धास्ती वाटते. परीक्षकाला तुमचा उच्चार अमेरिकन नको असतो, समोरच्याला कळणारा हवा असतो. आपल्याला दोन गोष्टी नडतात. इंग्रजीतले 'व'चे दोन उच्चार आपण एकच करतो, पण हे किरकोळ. खरी अडचण आघाताची. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. आघात चुकला की ऐकणारा पुढची दोन वाक्यं हरवून बसतो. सावकाश बोला, महत्त्वाचे शब्द फळ्यावर लिहा, आणि आपल्याच तासाचं ध्वनिमुद्रण ऐका. नापास झालात तरी नेमणूक लगेच जात नाही. अनेक विभाग एखादं सत्र पेपर तपासण्याचं काम देतात आणि पुन्हा परीक्षेला बसवतात.

मुलं तुम्हाला नावाने हाक मारतील, तुम्ही आत आलात म्हणून उभी राहणार नाहीत आणि गुण का कापले ते तोंडावर विचारतील. हा अनादर नव्हे. गुण कशाचे किती, याचा तक्ता सत्राच्या सुरुवातीलाच द्या, म्हणजे वाद त्या तक्त्यावर होतो, तुमच्यावर नाही. आणखी एक कायदा पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. आपल्याकडे बाजारात मास्तर भेटले तर पोराचे गुण बापाला सांगतात. तिथे विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या १९७४च्या फर्पा कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय गुण आईवडिलांनाही सहसा सांगता येत नाहीत. फोन आला तर नम्रपणे नकार द्या आणि कोर्स डायरेक्टरला कळवा. कॉपीचं प्रकरणही एकट्याने मिटवू नका, त्यांच्याकडेच न्या.

वीस तासांत तयारी, तास, ऑफिस अवर्स (मुलांना भेटायची ठरलेली वेळ), तपासणी आणि बैठका सगळं धरलेलं असतं. पहिल्या सत्रात वेळेची नोंद ठेवा. आकडा सतत तीसकडे जात असेल तर ती नोंद घेऊन बोला. तक्रार म्हणून नको, विचारणा म्हणून: "यातलं काय कमी करू?" एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांहून जास्त काम करता येत नाही. म्हणून नेमणूक पूर्ण २० तासांची असेल तर कॅन्टीनची वरची शिफ्ट घेता येत नाही, आणि गावातल्या हॉटेलात रोखीने काम करणं तर अजिबातच नको, त्याने व्हिसाच धोक्यात येतो. काही विद्यापीठांत टीएंची, म्हणजे शिकवणाऱ्या असिस्टंटांची, युनियन असते. विस्कॉन्सिन-मॅडिसनची १९६०च्या दशकातली आहे. परदेशी विद्यार्थ्यांना सभासद होता येतं, घाबरू नका.

कर थोडक्यात: स्टायपेंड करपात्र आहे. अनिवासी म्हणून १०४०-एनआर (कराचं विवरण) आणि ८८४३ (तिथल्या मुक्कामाची माहिती) हे फॉर्म भरायचे. भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातली सरसकट वजावट, मिळतं, ते विसरू नका. तिथल्या रहिवाशांसाठीचं सॉफ्टवेअर वापरू नका.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते संशोधनाबद्दल. पहिली दोन वर्षं कोर्सवर्क, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा. शिकवण्याचं काम रोज दारात उभं असतं, त्यामुळे स्वतःचा विषय मागे पडत जातो. तो आतापासून मनात धरा, आणि शक्यतो इथलाच धरा. आपल्या किनाऱ्याएवढं भाषिक वैविध्य थोड्याच ठिकाणी सापडेल: मालवणी, संगमेश्वरी, चित्पावनी, आगरी, रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांची बोली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली क्रिओल भाषा आजही घराघरांत बोलतात, आणि पोर्तुगीजांची सत्ता तिथून १७४०मध्येच गेली. कम्युनिकेशनवाल्यांना दशावतारातले आयत्या वेळी रचलेले संवाद आहेत, नमन-खेळे आहेत, मासळीबाजारातला लिलाव आहे.

पण आजीची मालवणी रेकॉर्ड करायची आणि प्रबंधात वापरायची, तर आधी विद्यापीठाच्या आयआरबीची, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीची, परवानगी लागते. आजी घरची असली तरीही. प्रशिक्षण ऑनलाइन असतं, मंजुरीला आठवडे लागू शकतात, म्हणून उन्हाळ्यात यायचं असेल तर अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत टाका. लिहिता-वाचता न येणाऱ्यांची संमती तोंडी घेता येते, ते अर्जात मागून घ्या. संमतीचा मजकूर बोलणाऱ्याच्या बोलीत लिहा. मंजुरीआधी केलेलं ध्वनिमुद्रण प्रबंधात वापरायची मुभा मिळेल असं धरून चालू नका.

पैशाच्या बाबतीत, अमेरिकन सरकारची फ्लास ही भाषा-फेलोशिप किंवा फुलब्राइट-हेज ही संशोधनाची फेलोशिप आपल्यासाठी नाही, ती तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या फेलोशिपला तिथल्या विद्यापीठात शिकणारे परदेशी विद्यार्थीही अर्ज करू शकतात. विभागाची उन्हाळी प्रवासाची छोटी अनुदानं असतात, ती मागणारे कमी असतात.

गणपतीला येता येणार नाही, सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं. घरी आत्ताच सांगा, म्हणजे दरवर्षी वाट बघणार नाहीत. यायचं ते मेच्या मध्यानंतर, तेही उन्हाळ्याचे तीन महिने पगार नाही हे धरून दर महिन्याला थोडं बाजूला टाकलं असेल तर. निघण्याआधी आय-ट्वेंटीवर प्रवासाची सही घ्या, ती वर्षभर चालते. व्हिसाची मुदत संपली असेल तर परतीआधी मुंबईच्या वकिलातीची तारीख मिळतेय ना, ते बघूनच तिकीट काढा.